रेल्वेचा नवा गेम आणि चाहत्यांचा हिरमोड

रेल्वे व्यवस्थापनाचा एखादा नवा गेम येतो, त्याच्या झलकीत वाफेचे इंजिन दरीवरच्या पुलावरून धूर सोडत जाते, वर्षभर वाट पाहिलेले चाहते पहिल्याच दिवशी तो विकत घेतात, आणि आठवडा उलटायच्या आत अभिप्रायांच्या रकान्यात ‘संमिश्र’ असा शेरा झळकू लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडेच वाटते. चित्रे देखणी आहेत, इंजिनांचे भरपूर प्रकार आहेत, गेम मध्येच बंदही पडत नाही. मग ही माणसे एवढी कशाने चिडली? त्यांच्या तक्रारी वाचायला जावे तर सिग्नल नीट नाहीत, अर्थव्यवस्था पोकळ आहे, शेवटी शेवटी सगळे रेंगाळते, असे काहीबाही हाती लागते, आणि ज्याने असा गेम कधी खेळलेला नाही त्याला त्यातून काहीच उलगडत नाही.

मी हे गेम बरीच वर्षे खेळत आलो आहे आणि माझ्या मते या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच आहे. ते मूळ समजण्यासाठी आधी हा गेम नेमका कशाचा असतो ते पाहावे लागेल.

इंजिन चालवायचे नसते, रेल्वे चालवायची असते

रेल्वेचे गेम ढोबळमानाने दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत खेळाडू इंजिनचालकाच्या जागी बसतो, वेग आणि ब्रेक सांभाळतो, गाडी फलाटावर बरोबर जागी थांबवतो; त्या प्रकाराला सिम्युलेटर म्हणतात आणि तो या लेखाचा विषय नाही. दुसऱ्या जातीत खेळाडू मालक असतो. मोकळा नकाशा, थोडे भांडवल आणि बहुधा डोक्यावर कर्ज एवढ्यावर सुरुवात होते. रूळ कुठून न्यायचे, डोंगर पोखरायचा की त्याला वळसा घालायचा, आधी कोळसा उचलायचा की प्रवासी, एका मार्गावर चार गाड्या सोडायच्या की सहा, हे सगळे त्याने ठरवायचे. जपानमध्ये १९८५ साली सुरू झालेली ‘ए-ट्रेन’ ही मालिका, सिड मायर यांचा १९९० सालचा ‘रेलरोड टायकून’ आणि ख्रिस सॉयर यांचा १९९४ सालचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ यांनी हा प्रकार घडवला, आणि आजही नवा गेम कुणी केला तरी त्याचे माप याच घराण्याशी लावले जाते.

या गेममध्ये हातांना काम थोडे आणि डोळ्यांना जास्त असते. रूळ टाकून, गाड्या सोडून झाल्या की खेळाडू मागे रेलून नुसता पाहत बसतो. एखाद्याने घरातली नळजोडणी स्वतः केली आणि मग मुख्य नळ सोडून पाणी कुठवर पोहोचते, कुठे गळते, कुठे नुसते फुसफुसते हे कान देऊन ऐकत उभा राहिला, तर त्याला जे वाटेल तेच इथे वाटत असते. पाणी सगळीकडे आपोआपच पोहोचणार असेल तर त्या उभे राहण्यात काही अर्थ उरत नाही.

एका रुळावर एकच गाडी

अरुंद बोळात दोन माणसे समोरासमोर आली तर अंग चोरून निघून जातात. गाडीला अंग चोरता येत नाही. ती रुळाने बांधलेली असते, तिला बाजूने काढता येत नाही, आणि भरधाव आलेल्या लांबलचक मालगाडीला थांबायला एक किलोमीटरहून अधिक अंतर लागू शकते, म्हणजे समोरची गाडी दिसल्यावर ब्रेक लावून भागत नाही. रेल्वेचे सगळे शास्त्र, खरे असो की गेममधले, या एका अडचणीभोवती उभे आहे.

तिच्यावरचा उपाय असा की मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असेल असा नियम करायचा. या तुकड्याला ब्लॉक म्हणतात, आणि पुढचा ब्लॉक मोकळा आहे की नाही हे त्याच्या तोंडाशी उभा असलेला सिग्नल सांगतो. दोन स्थानकांमध्ये एकच लांबलचक ब्लॉक असेल तर पहिली गाडी पोहोचेपर्यंत दुसरी जागची हलू शकत नाही. त्याचे पाच तुकडे केले तर एकामागोमाग एक अशा अनेक गाड्या त्याच रुळावरून धावू शकतात. रूळ तेवढेच, पण त्यांची क्षमता कितीतरी पटींनी वाढली. हे पहिल्यांदा उमगते तो क्षण या गेममधल्या सर्वांत गोड क्षणांपैकी एक असतो.

मग गुंता सुरू होतो. एकेरी मार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडल्या आणि मध्ये क्रॉसिंगसाठी बाजूचा रूळ ठेवला नाही, तर दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात आणि दोघी एकमेकींच्या हटण्याची वाट पाहतात. हीच ती कोंडी. जंक्शनवर तर तीन-चार गाड्या मिळून गोल कोंडी करू शकतात: पहिलीला दुसरीची जागा हवी, दुसरीला तिसरीची, आणि तिसरीला पहिलीची. म्हणून जंक्शनात शिरण्याआधी गाडीने पलीकडे बाहेर पडायला जागा आहे का हे पाहणे गरजेचे असते. भर चौकात वाहन अडकवून ठेवू नये, हा रस्त्यावरचा नियम तो हाच. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’वरून पुढे घडलेल्या ‘ओपनटीटीडी’मध्ये गाडी आपली वाट आधी राखून ठेवते आणि मगच हलते. ‘फॅक्टोरिओ’ हा खरे तर कारखान्यांचा गेम, पण त्यातही जंक्शनसाठी साखळी सिग्नल नावाची वेगळी सोय आहे; हा सिग्नल पुढचा सिग्नल पाहून स्वतःचा रंग ठरवतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मध्यंतरी एका नव्या गेममध्ये मी एकेरी मार्ग टाकला होता. चौदा-पंधरा तासांचा खेळ झाला होता. एका टोकाकडून कोळशाने भरलेली मालगाडी निघाली आणि तिकडून प्रवासी गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आले की मधला क्रॉसिंगचा रूळ टाकायचा मी विसरलो आहे. गेम थांबवून ठेवण्याचेही सुचले नाही. मी पडद्याजवळ सरकलो, दोन्ही गाड्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर एकमेकींसमोर आल्या, आणि एकीचे इंजिन दुसरीच्या इंजिनातून, मग डबे डब्यांतून, असे आरपार निघून गेले. शेवटच्या वाघिणीतला कोळसा प्रवासी डब्याच्या छतातून क्षणभर वर आलेला दिसला. पहिल्यांदा हायसे वाटले. दुसऱ्या क्षणी असे वाटले की मग गेले चौदा तास मी कशाची काळजी घेत होतो? डोंगराच्या कडेने महागडा दुहेरी मार्ग टाकला होता तो कशासाठी? त्या रात्री गेम बंद केला तो पुन्हा आठवडाभर उघडला नाही.

चाहत्यांच्या हिरमोडाचे मूळ मला इथे दिसते. रेल्वेचा गेम हा टंचाईचा गेम आहे. जागेची, वेळेची, पैशाची कुठली ना कुठली टंचाई निर्णयाला वजन देत असते. ती काढून घेतली की रूळ नुसती नक्षी होऊन राहते.

सगळ्यांनाच कुठे सिग्नल शिकायचे असतात?

हा आक्षेप रास्त आहे आणि गेम बनवणाऱ्यांची बाजूही त्यातच येते. दिवसभराच्या कामानंतर तासभर रमायला बसलेल्या माणसाला जंक्शनाचे गणित सोडवायला लावले तर तो उठून जाईल. म्हणून अनेक गेम दोन पर्याय देतात. २०१८ साली आलेल्या ‘रेल्वे एम्पायर’मध्ये सोपी पद्धत निवडली तर गाड्या एकमेकींना अडवत नाहीत आणि अवघड पद्धत निवडली तर सिग्नल सांभाळावे लागतात. हा तोडगा मला मान्य आहे, अट एवढीच की अवघड पद्धत हीच मूळ धरून गेम घडवलेला असावा आणि सोपी पद्धत ही तिच्यातून दिलेली सूट असावी. उलटे झाले, म्हणजे सोप्या पद्धतीसाठी गेम घडवून वर सिग्नलांचा मुलामा दिला, तर तो मुलामा सराईत खेळाडूला लगेच कळतो.

सोपेपणा हा मुळात दोषच नाही, याचा पुरावा ‘मिनी मेट्रो’ देतो. २०१५ सालच्या या छोट्याशा गेममध्ये सिग्नल नाहीत, ब्लॉक नाहीत, पैसासुद्धा नाही. आहेत ती गोल, त्रिकोण, चौकोन अशा आकारांची स्थानके आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत रेषा. तरीही तो चाहत्यांनी डोक्यावर घेतला. कारण त्यात रेषा मोजक्या मिळतात, इंजिने मोजकी मिळतात, नदीखालचे बोगदे मोजके मिळतात, आणि एखाद्या स्थानकावरची गर्दी हाताबाहेर गेली की खेळ तिथेच संपतो. तपशील जवळजवळ सगळे काढून टाकले आहेत, टंचाई तेवढी राखली आहे. ज्या नव्या गेमवर टीका होते त्यांत पुष्कळदा याच्या नेमके उलट घडलेले असते: इंजिनाच्या चाकांवरचे बोल्ट मोजून घ्यावेत इतका तपशील, आणि अडचण मात्र एकही नाही.

पैसा कशाचा मिळतो?

दुसरी मोठी तक्रार अर्थव्यवस्थेची. गेममधली अर्थव्यवस्था म्हणजे खेळाडूच्या कृतीचे बक्षीस ठरवणारा नियमांचा संच, एवढाच अर्थ इथे घ्यायचा. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’चा नियम साधा होता. माल किती, किती अंतरावर आणि किती दिवसांत नेला, यांवरून पैसे ठरायचे. अंतर रुळाच्या लांबीवरून मोजले जात नसे, तर दोन स्थानकांमधल्या नकाशावरच्या आडव्या आणि उभ्या चौकोनांवरून मोजले जाई. म्हणजे रूळ उगाच फिरवून भाडे वाढवता येत नसे, उलट वेळ लागून पैसे कमीच मिळत. एकदा हा नियम कळला की लांबचा मार्ग घ्यायचा की वेगवान इंजिन, हे ठरवायला पक्का आधार मिळायचा.

२००३ सालच्या ‘रेलरोड टायकून ३’ने याहून धाडसी प्रयोग केला. त्यात प्रत्येक मालाची किंमत नकाशावर जागोजागी वेगळी असे आणि माल रेल्वेची वाट न पाहता स्वतःच, हळूहळू का होईना, स्वस्ताईकडून महागाईकडे सरकत जाई. नदीच्या प्रवाहाबरोबर जरा लवकर. रेल्वेने फक्त त्या सरकण्याला वेग द्यायचा. पाणी उताराकडे धावते तसा माल किमतीच्या चढाकडे जाई. हा नकाशा पाहत बसणे हाच एक खेळ होता.

अर्थव्यवस्था पोकळ आहे असे खेळाडू म्हणतो तेव्हा त्याला हे म्हणायचे असते की काय केल्याने काय झाले याची साखळी सापडत नाही, किंवा काहीही केले तरी तेच होते. ही पोकळी सिद्ध करण्याची एक साधी रीत आहे. शहराला धान्य पुरवणारी गाडी यार्डात उभी करून ठेवायची आणि गेममधली दोन वर्षे जाऊ द्यायची. शहराची वाढ थांबली, लोक पांगले, गिरणी बंद पडली तर त्या गाडीला काही अर्थ होता. शहर मजेत वाढत राहिले तर ती गाडी शोभेची होती, आणि खेळाडूने तिच्यासाठी टाकलेला पूलही.

इथे जुन्या गेमची तरफदारी मी करणार नाही. मूळच्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’मध्ये प्रवाशांना कुठे जायचे आहे हेच ठरलेले नसे, गाडी नेईल तिथे ते मुकाट्याने उतरत. पहिली काही वर्षे तग धरला की पैसा इतका साचायचा की दिवाळखोरीची भीती उरत नसे. त्या मानाने ‘ट्रान्सपोर्ट फीव्हर’सारख्या पुढच्या पिढीच्या गेममध्ये प्रत्येक रहिवाशाला घर, कामाची जागा आणि खरेदीची जागा ठरवून दिलेली असते, आणि गाडी सोयीची नसेल तर तो चक्क दुसरे वाहन पकडतो. नव्यात सगळेच उथळ असते असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. पण त्या रहिवाशाने गाडी का सोडली हे गेमने खेळाडूला सांगितले नाही, तर आत कितीही खोल गणित असले तरी बाहेरून ते नशीबच भासते. माझ्या पाहण्यात, ज्यांना पोकळ म्हटले जाते त्यांतले काही गेम खरे तर अबोल असतात.

दोन सेकंदांचा दिवस

काळाचा प्रश्न मात्र जुन्या-नव्या सगळ्यांना सारखाच छळतो. या गेममध्ये दशके उलटावी लागतात, नाहीतर वाफेच्या इंजिनाकडून विजेच्या इंजिनाकडे जाण्याची मजा मिळणार नाही. पण गाडी डोळ्यांना दिसेल अशा वेगानेच धावली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’मध्ये एक दिवस साधारण दोन सेकंदांचा आणि एक वर्ष साधारण तेरा मिनिटांचे असते, त्यामुळे जी गाडी दोन शहरांमधले अंतर तीन मिनिटांत कापते तिला दिनदर्शिकेनुसार जवळजवळ तीन महिने लागतात. सकाळी आठची गाडी, संध्याकाळी सहाची गाडी अशा वेळापत्रकाला मग जागाच उरत नाही. ‘ओपनटीटीडी’ने दिनदर्शिकेचा वेग आणि व्यवहाराचा वेग वेगळे ठेवण्याची सोय दिली ती २०२४ साली, म्हणजे मूळ गेम आल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. त्यामुळे नव्या गेमला हे पहिल्या फटक्यात जमले नाही म्हणून त्याला झोडपणे मला जरा कठोर वाटते.

गाड्या वाढल्या की संगणक धापा का टाकतो?

पडद्यावरचे चित्र सुरळीत हलताना दिसायचे तर ते सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, एका गाडीचा विचार करायला, म्हणजे ती कुठे आहे, पुढचा ब्लॉक मोकळा आहे का, कुठल्या सांध्यावर वळायचे हे ठरवायला, ०.०५ मिलिसेकंद लागतात. वीस गाड्यांना एक मिलिसेकंद पुरतो आणि कुणाला काही जाणवत नाही. चारशे गाड्यांना वीस मिलिसेकंद लागतात, आणि त्यात झाडे, धूर, पाण्यावरची प्रतिबिंबे काढण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. गेम अडखळू लागतो तो इथे.

वाट शोधण्याच्या रीती नव्या नाहीत. डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यापेक्षा चलाख असलेली, ध्येयाच्या दिशेचा अंदाज घेत पुढे सरकणारी ए-स्टार ही रीत १९६८ सालची. अडचण अशी की रेल्वेत वाट एकदा शोधून भागत नाही. वाटेतला ब्लॉक कुणी अडवला की पुन्हा शोधावी लागते, आणि प्रत्येक गाडी दुसऱ्या गाड्यांची वाट बदलवत असते.

मग आजच्या प्रोसेसरांत इतके गाभे (कोअर), म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे भाग, असतात, त्यांच्यात काम वाटून का देत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. धूर आणि पाणी यांचे काम वाटता येते. पण कुठला ब्लॉक कुणाला द्यायचा याची नोंद एकाच वहीत असते, आणि दोन कारकुनांनी एकाच वेळी त्या वहीतली एकच ओळ लिहायला घेतली तर दोन गाड्यांना एकच ब्लॉक दिला जाईल. म्हणून एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे. यातूनही मार्ग काढता येतात, पण ते सुरुवातीपासून योजावे लागतात. ‘ओपनटीटीडी’मध्ये एका कंपनीला पाच हजार गाड्यांपर्यंत मर्यादा वाढवता येते, आणि ते शक्य होते यामागे त्याची साधी सपाट चित्रे जेवढी आहेत तेवढीच वर्षानुवर्षे केलेली घासपूसही आहे.

चाहत्यांना याचा राग विशेष येतो, कारण हा दोष नेमका त्यांनाच भोगावा लागतो. चार तास खेळून सोडून देणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. ज्याने साठ तास घालून नकाशा भरून टाकला त्याच्याच गाड्या गोगलगायीसारख्या सरकू लागतात.

मग हे सगळे ‘जुने ते सोने’ एवढेच आहे का?

थोडेसे आहे. मात्र तुलना कशाची कशाशी होते ते पाहावे. लुडविग स्ट्रिगियस यांनी ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ची सुधारित आवृत्ती ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’ आतून कशी चालते ते उलगडून २००४ साली ‘ओपनटीटीडी’ खुला केला, तेव्हापासून दोन दशकांहून अधिक काळ कितीतरी स्वयंसेवक त्यात भर घालत आले आहेत. मूळ नकाशा २५६ गुणिले २५६ चौकोनांचा होता, तो आता ४०९६ गुणिले ४०९६ पर्यंत जातो. आणि हे सगळे फुकट मिळते. नवा गेम काही माणसांनी काही वर्षांत, ठरावीक पैशांत केलेला असतो. त्याची गाठ जुन्या गेमच्या पहिल्या आवृत्तीशी नसून वीस वर्षे मुरलेल्या आवृत्तीशी पडते. ही स्पर्धा विषम आहे, हे टीकाकारांपैकी फार थोडे कबूल करतात.

त्याच गेमचा दुसरा भाग असेल तर मात्र माझी सहानुभूती खेळाडूंकडे जाते. पहिला भाग विकत घेऊन, त्यात वर्षानुवर्षे भर पडताना पाहिलेला माणूस दुसऱ्या भागाला पुन्हा पूर्ण पैसे देतो, आणि त्याला चित्रे अधिक आणि सोयी कमी मिळतात, कारण नवा पाया घालताना जुन्या सोयी एकेक करून पुन्हा बांधाव्या लागतात आणि प्रकाशनाची तारीख थांबत नाही. शेजारच्या प्रकारातले, म्हणजे शहरे वसवण्याच्या गेममधले ताजे उदाहरण ‘सिटीज: स्कायलाइन्स २’चे. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा वेगाच्या बाबतीत ठरवलेली पातळी गाठता आलेली नाही, हे बनवणाऱ्यांनी स्वतःच आधी कळवले होते, तरी तारीख टळली नाही.

अजून काम चालू आहे, धीर धरा

अर्ली ॲक्सेस म्हणजे अपुरा गेम, अपुरा आहे असे सांगूनच विकणे. अशा गेमच्या बचावाला हे वाक्य नेहमी पुढे येते, आणि ‘नो मॅन्स स्काय’ हा २०१६ साली टीकेत बुडालेला गेम पुढच्या फुकट सुधारणांनी कसा सावरला याचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. पण दुरुस्ती कशाची करायची आहे ते पाहिल्याशिवाय तो लागू पडत नाही. शिवून झालेल्या सदऱ्याची बटणे बदलता येतात. माप बदलायचे तर तो उसवावा लागतो. गाडी मध्येच अदृश्य होणे, आकडे चुकीचे दिसणे ही बटणे झाली. गाड्या एकमेकींना अडवतात की नाही, हे माप आहे. कारण स्थानकाला किती फलाट लागतील, नकाशावर शहरे किती अंतरावर असावीत, इंजिनाची किंमत काय असावी, हे सगळे त्यावर बेतलेले असते.

दोन तासांत काय कळते?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर साधारणपणे परत करता येतो. ही मुदत गोळीबाराच्या किंवा धावण्याच्या गेमला पुरेशी आहे. रेल्वेच्या गेममध्ये पहिले दोन तास शिकवणीतच जातात, आणि त्या वेळात गाड्या असतात जेमतेम पाच. कोंडी, पोकळ अर्थव्यवस्था, शेवटची रखडपट्टी, यांतले काहीच तोवर डोके वर काढत नाही. चाहत्यांच्या रागाला फसवणुकीचा सूर येतो तो बहुधा यामुळे: दोष सापडतो तेव्हा गेम परत करण्याची वेळ टळून गेलेली असते.

‘संमिश्र’ या शेऱ्याकडेही जरा जवळून पाहावे. स्टीमवर ४० ते ६९ टक्के अभिप्राय अनुकूल असले की हा शेरा लागतो. म्हणजे शंभरातल्या अडुसष्टांना आवडलेला आणि बेचाळिसांनाच आवडलेला, असे दोन्ही गेम एकाच पाटीखाली येतात. त्यापेक्षा प्रत्येक अभिप्रायाशेजारी लिहिलेले खेळाचे तास उपयोगी पडतात. तासभर खेळून लिहिलेली तक्रार बहुधा संगणकाशी न जुळण्याची किंवा मेनूच्या गैरसोयीची असते. तीस तासांनंतर लिहिलेली तक्रार आतल्या नियमांची असते, आणि विकत घ्यावे की नाही हे ठरवताना मी तीच आधी वाचतो.

विकत घेऊन झालाच असेल, तर शिकवणी बाजूला ठेवून मी आता पहिल्या तासातच एक चाचणी करतो. खर्चाचे बंधन नसलेला मोकळा नकाशा उघडायचा, दोन शहरे निवडायची, त्यांच्यामध्ये एकच एकेरी मार्ग टाकायचा, मध्ये कुठेही बाजूचा रूळ ठेवायचा नाही, आणि दोन्ही टोकांकडून एकेक गाडी सोडून पाहत बसायचे. गाड्या आरपार गेल्या, तर अवघड पद्धतीचा पर्याय कुठे दडला आहे का ते शोधायचे. तो नसेल तर गेम परत करायला अजून तासभर हातात असतो. गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या, तर थांबलेल्या गाडीवर टिचकी मारायची. ‘पुढचा ब्लॉक अडलेला आहे’ एवढे जरी गेमने सांगितले तरी मी तो ठेवून घेतो, आणि मधला रूळ टाकायला लागतो.